सत्तरीतली शाळा आणि चार चार्जर

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, पट सतरा, खोल्या दोन. मागच्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला एकांनी ऑफिसात वापरून झालेले सहा लॅपटॉप आणून दिले, नारळ फोडला, फोटो काढले आणि गेले. मग बघते तर चार्जर चारच, बॅटऱ्या सगळ्याच मेलेल्या, आणि खोलीत प्लग पॉइंट एक, तोही अर्थिंगशिवाय, हात लावला की झिणझिण्या. पंचायतीत गेले तर म्हणे शाळा खात्याची, खात्यात गेले तर म्हणे एस्टिमेट आणा. शेवटी चौथीतल्या एका मुलाचे बाबा वायरमन निघाले, त्यांनी गणेश चवथीच्या सुट्टीत येऊन पॉइंट ओढून दिले, पैसे फक्त वायरचे घेतले, चहा मात्र तीनदा झाला.

चालू झाले एकदाचे. पहिला महिनाभर नुसती रंगवारंगवी आणि मधूनच आरोळी, "बाई, हुंदीर मेलो!", म्हणजे माऊस अडकला. मुलं खूश, पण पाढे होते तिथेच.

मग रात्री मोबाईलवर शोधत बसले. पेरूत (फळ नव्हे, देश) सरकारने वन लॅपटॉप पर चाइल्ड, म्हणजे दर मुलामागे एक लॅपटॉप, या योजनेचे 8 लाखांवर लॅपटॉप वाटले आणि 2012 मध्ये तिथल्या खेड्यांतल्या शाळांचा अभ्यास आला, तर गणितात आणि भाषेत काही फरक नाही, जरा विचारशक्तीच्या चाचण्यांत थोडी वाढ. ते वाचून बरंच वाटलं खरं, आपलंच काही चुकत नव्हतं. पण बडोद्याच्या सरकारी शाळांच्या अभ्यासात उलटं निघालेलं, चौथीची मुलं, एका कॉम्प्युटरवर दोघं, आठवड्याला दोन तास फक्त गणिताचे खेळ, आणि मार्क चांगलेच वाढले. बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं बरंचसं ओसरलं, हेही त्यातच लिहिलेलं.

मी सरळ तेच उचललं. रंगवायचं पेंट काढून टाकलं, फुकटातलं टक्समॅथ घातलं, त्यात वरून गणितं घेऊन धूमकेतू पडतात आणि खाली येण्याआधी उत्तर टाइप करायचं. मंगळवार-शुक्रवार एकेक तास, आणि मी तिथेच उभी, वह्या तपासायला बसायचं नाही हा नियम मुलांना नाही, मला. सात आठं आलं की एक मुलगी हात बाकाखाली नेऊन बोटं मोजायची, तेवढ्यात धूमकेतू आदळायचा आणि जोडीदार कपाळावर हात मारायचा. दिवाळीनंतर हळूहळू तिचे हात बाकावरच राहायला लागले.

यंदा पावसात लाईट गेली की तास गेला. बुरशी नको म्हणून कपाटात बल्ब पेटता ठेवते, तोही लाईट असेल तर. चार चार्जर म्हणजे आठ जागा, आणि तिसरी-चौथी मिळून मुलं नऊ. उरलेला एक पाटी घेऊन सगळ्यांचे मार्क लिहितो, आणि आज पाटीवर कोण यावरून दर शुक्रवारी भांडण.