तुम्ही विचारलंत म्हणून : फोटोंवर नावे का लिहीत बसता?

घरी येणारे नातेवाईक मला संगणकापुढे जुन्या फोटोंची नावे लिहिताना पाहतात, तेव्हा हाच प्रश्न विचारतात : "फोटो मोबाईलमध्ये आहेतच, मग त्यांच्यावर एवढा वेळ कशाला घालवायचा?"

फोटो आहेत, हे खरे; पण त्यांत कोण उभे आहे हे सांगू शकणारी माणसे आमच्या घरात आता दोनच उरली आहेत, आणि त्यांतली माझी आत्या ऐंशी ओलांडून गेली आहे.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरचे अल्बम चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक असलेले होते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की त्याची दमट हवा थेट कपाटापर्यंत जाते, आणि काही वर्षांत ते फोटो पानांनाच धरून बसले. म्हणून हे काम मी हिवाळ्यात, हवा कोरडी असताना करतो. न निघणारा फोटो ओढून काढत नाही, पानासकट स्कॅन करतो. छोट्या प्रतींसाठी स्कॅनची बारकाई ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवतो, म्हणजे पुढे मोठी प्रत काढली तरी चेहरे ओळखू येतात.

खरी अडचण स्कॅननंतर सुरू होते. फाईलवर पडते ती स्कॅन केल्याची तारीख, त्यामुळे आजोबांच्या तरुणपणचा फोटो मोबाईलमध्ये परवाच्या जेवणाच्या फोटोशेजारी जाऊन बसतो. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे विदर्भातल्या लहान मुलांच्या पोळ्याच्या, एका फोटोने मला हे नीट शिकवले. त्यात चार मुले लाकडी नंदी घेऊन, बोजारा (घरोघरी मिळणारा खाऊ किंवा पैसे) मागायला निघालेली, आमच्या दारात उभी आहेत. तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, म्हणून महिना ऑगस्ट किंवा सप्टेंबर एवढे नक्की होते. वर्ष मात्र कळेना. आत्याने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "नंदीला चाकं आहेत ना? मग तुझ्या बाबांची भंडाऱ्याला बदली झाली, त्या वर्षीचा. जाण्याआधी त्यांनीच बसवून दिली होती." बाबांच्या कागदांत बदलीचा आदेश सापडला, १९८४ चा, त्या वर्षी पोळा ऑगस्टच्या शेवटी होता. एवढ्या एका आठवणीने फोटोची जागा ठरली. ती आठवण माझ्या कोणत्याही यंत्रात नव्हती, आणि आत्याला विचारायला मी आणखी दोन वर्षांनी गेलो असतो तर कदाचित मिळालीही नसती.

ही माहिती मी फाईलच्या आतच लिहितो. पूर्वी एका प्रोग्रॅममध्ये मी वर्षभर चेहऱ्यांना नावे दिली होती. ती त्याच्याच यादीत राहिली आणि संगणक बदलल्यावर सगळी गेली, याचे मला आजही वाईट वाटते. आता डिजिकॅम हा मोफत प्रोग्रॅम वापरतो आणि तारीख, नावे आणि फोटोबद्दलची ओळ फोटोच्या मेटाडेटात, म्हणजे फाईलच्या आत साठणाऱ्या माहितीत, जातील अशी व्यवस्था ठेवतो. फाईलचे नाव वर्षापासून सुरू करतो, म्हणजे फोटो आपोआप क्रमाने लागतात. तारीख अंदाजाची असेल तर ओळीत तसे स्पष्ट लिहितो. तीन प्रती असतात, त्यांतली एक पुण्याला बहिणीकडे.

कुटुंबाला पाठवतानाही काळजी घ्यावी लागते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो लहान होतो आणि आत लिहिलेली माहितीही निघून जाते, म्हणून मी डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. तसे केल्यास मोबाईलवर काढलेल्या फोटोत नोंदलेले ठिकाणही सोबत जाऊ शकते. म्हणून लहान मुलांच्या फोटोंतून ते आधी काढून टाकतो, आणि त्यांच्या आईवडिलांना विचारल्याखेरीज ते फोटो मोठ्या ग्रुपवर टाकत नाही.

त्या चार मुलांपैकी तिघांची नावे लिहून झाली आहेत. चौथ्यासमोर मी लिहिले आहे : "ओळख पटली नाही, आत्याला विचारले, तिला आठवत नाही." तो फोटो आता मोठ्या कागदावर छापून घेतला आहे, कारण अमरावतीच्या काकूंना मोबाईलवरचे नीट दिसत नाही, आणि त्या वर्षी त्या आमच्याच घरी राहत होत्या. संक्रांतीला त्यांच्याकडे जायचे आहे.