आधी पत्ता, मग बाकी सगळं

सप्टेंबर संपत आला की आमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा स्वयंसेवकांसाठी मेल येतो आणि मी लगेच नाव देऊन टाकते. जर्मनीत विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण तास भरायला लागतात ते साधारण महिन्याच्या मध्यावर. मधले दिवस नव्या मुलांच्या स्वागताचे. रंगीत टी-शर्ट घालायचा, आपला गट गोळा करायचा, ग्रंथालय, मेन्सा (विद्यापीठाचं उपाहारगृह), परीक्षा कार्यालय दाखवत फिरायचं. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सर्वांत जास्त आहेत, त्यामुळे माझ्या गटातही आपली मुलं बरीच असतात. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांची मी ‘ताई’ किंवा ‘दीदी’ झालेली असते.

मोठ्या सभागृहातल्या स्वागताच्या कार्यक्रमात पडद्यावर सगळी माहिती दाखवतात. विमा, बँक, नोंदणी, व्हिसा, परीक्षा, सगळं एका तासात. मुलं भराभर फोटो काढून घेतात. पण यातलं आधी काय करायचं आणि कशावाचून काय अडतं, हे तिथे नीट कळत नाही. माझ्या मते स्वयंसेवकाचं खरं काम तेच आहे. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: राहायला जागा मिळाली का, आणि तिथे नाव नोंदवता येणार आहे का?

कारण इथे सगळं पत्त्यापासून सुरू होतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करावी लागते. त्यासाठी नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो. काही दिवसांपुरती खोली घेऊन राहिलेल्या मुलांना तो बहुधा मिळत नाही आणि गाडी तिथेच अडते. बऱ्याच बँका खातं उघडायला नोंदणीचा दाखला मागतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे पैसे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, भरलेले वर्षाचे ११,९०४ युरो महिन्याला ९९२ याप्रमाणे मिळतात, पण त्यासाठी आधी इथलं चालू खातं हवं. म्हणजे घर नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर खातं नाही, आणि खातं नाही तर आपलेच पैसे हातात नाहीत. हे एकदा कागदावर एकाखाली एक लिहून दाखवलं की मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. काम तेवढंच असतं, पण उद्या सकाळी उठून कुठे जायचं हे कळलेलं असतं.

नोंदणीचा अर्ज भरताना मी शेजारी बसते. आपल्याकडच्या अनेक पासपोर्टांवर नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असतं. मुलं एका अर्जात ते लिहितात, दुसऱ्यात गाळतात, आणि मग विमा कंपनीकडे एक माणूस आणि बँकेकडे दुसराच. मी पासपोर्ट उघडून टेबलावर ठेवायला सांगते आणि प्रत्येक अर्जात अक्षर न् अक्षर तसंच उतरवायला लावते.

त्यानंतर पत्रपेटी. भारतातून येणाऱ्या कुणालाच याची कल्पना नसते. विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, ११ आकडी कर क्रमांक, सगळं टपालाने येतं आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. गेल्या वर्षी एक मुलगा कर क्रमांकाची वाट बघून हवालदिल झाला होता. अर्धवेळ काम मिळालं होतं आणि मालक रोज तो क्रमांक मागत होता. मी त्याच्याबरोबर त्याच्या इमारतीत गेले. खाली पेट्यांची रांग, आणि त्याच्या खोलीच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं आडनाव. वहीच्या कागदाची पट्टी कापून त्यावर त्याचं आडनाव ठळक लिहिलं, वर चिकटपट्टी लावली, आणि दारावरच्या घंटीपाशीही तसंच केलं. मग कर खात्याकडे क्रमांक पुन्हा पाठवण्याची विनंती केली. आता माझ्या गटातल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी विचारते, पेटीवर नाव लावलंस का?

तारखांचंही सांगावं लागतं. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, दुकानं बंद. रविवारीही बंदच. दोनला रात्री उतरणाऱ्यांना हे आधी कळवलेलं बरं.

अभ्यासाच्या बाबतीत सगळ्यात जपायची गोष्ट परीक्षेची. विषय घेतला, तासांना बसलात, म्हणून परीक्षेला नाव लागलं असं होत नाही. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते. अनेक अभ्यासक्रमांत एका परीक्षेला तीनच संधी असतात. गुणही उलटे: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. हे मी दोन-तीनदा सांगते, आणि डिसेंबरात गटाला परत आठवण करते.

सगळ्यांसमोर प्रश्न विचारणारी मुलं आपला मार्ग काढतात. माझं लक्ष मागे राहून फोनकडे बघत चालणाऱ्यांकडे असतं. त्यांना जिन्यावर, बसची वाट बघताना गाठायचं. अशाच एका मुलीने ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरताना हळूच विचारलं, “ताई, इथे कुणाशी बोलायला सुरुवात कशी करायची?” तिला आमच्या विभागाच्या फाखशाफ्टमध्ये, म्हणजे विद्यार्थी मंडळात, घेऊन गेले आणि विद्यापीठाच्या क्रीडावर्गांची यादी दाखवली. तिने बॅडमिंटन निवडलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग दुपार संपता संपताच अंधार पडायला लागतो. स्वागताचा उत्साह तोवर ओसरलेला असतो. म्हणून नोव्हेंबरात मी गटाला पुन्हा भेटते. विद्यार्थ्यांसाठी मोफत समुपदेशन मिळतं, तेही तेव्हाच सांगते. पहिल्या आठवड्यात ते कुणाच्या कानात शिरत नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द. घड्याळं मागे गेली की भारताशी वेळेचं अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं, तेव्हा फोनची वेळ तेवढी बदला. ब्लॉक्ड अकाउंट भरलं म्हणजे पैशांची सोय झाली असं धरून चालू नका. पहिले काही आठवडे ते पैसे हाती येत नाहीत, आणि भाड्याबरोबर घराची अनामत रक्कमही द्यावी लागते. ती मूळ भाड्याच्या तीन पटीपर्यंत असू शकते, पण कायद्याने तीन हप्त्यांत देता येते. तेवढी तजवीज वेगळ्या कार्डावर करून ठेवा. प्रवेशाचं पत्र, विम्याचे कागद आणि मूळ गुणपत्रिका केबिन बॅगेत द्या, मोठ्या बॅगेत नको. एप्रिलच्या उन्हाळी सत्राला तुमच्याकडून कुणी येणार असेल, तर तिकीट काढायच्या आधी त्याला घरमालकाच्या सहीच्या कागदाबद्दल विचारायला सांगा.