तुम्ही विचारलंत म्हणून : तेव्हा जास्त वाईट होतं की आता?

जून आला की हा प्रश्न येतोच. कॉलनीतल्या बाकावर येतो, नातवाच्या मित्रांकडून येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता आला. "आजी, तुम्ही आणीबाणी पाहिलीय. खरं सांगा, तेव्हा जास्त वाईट होतं की आता?" विचारणाऱ्याला कुठलं उत्तर हवंय ते त्याच्या तोंडावरूनच कळतं. अर्ध्यांना ऐकायचं असतं, "छे! तेव्हा लाखावर माणसं आत टाकली होती, आत्ताचं काय घेऊन बसलात." उरलेल्यांना ऐकायचं असतं, "तेव्हा निदान जाहीर करून तरी केलं होतं." दोन्ही वाक्यं मी बोललेली आहेत, समोर कोण बसलंय ते बघून.

पक्षफुटीपुरतं विचारलंत तर सोपं आहे. २०२२ला शिवसेना आणि २०२३ला राष्ट्रवादी फुटली, तेव्हा शेजारचा मुलगा हबकून गेला होता. पक्षाचं नाव आणि चिन्ह असं जातंच कसं, म्हणाला. त्याला म्हटलं, बाळा, १९६९ला काँग्रेस फुटली आणि आमची बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं. १९७८ला वसंतदादा पाटलांचं सरकार त्यांच्याच मंत्र्यानं, शरद पवारांनी, पाडलं आणि पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं. तो जरा हिरमुसला. आपल्या वाट्याला काहीतरी अभूतपूर्व आलंय असं वाटण्याचं सुख असतं, ते मी काढून घेतलं.

पण आणीबाणीचं तसं नाही. तिथे मी आजवर तुम्हाला कऱ्हाडचा किस्सा सांगत आले. डिसेंबर १९७५, साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गा भागवत. मी साताऱ्याजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका, मैत्रिणीबरोबर एसटीनं गेलेली. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण तिथे हजर, आणि बाईंनी सगळ्यांना इंदिराबाईंच्या विरोधात उभ्या राहिलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. मी उभी राहिले. अंगावर काटा आला होता. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. किस्सा इथे संपतो आणि तुम्ही म्हणता, "आजी, तुम्ही तिथे होतात?" होते. उभं राहायला काही किंमत पडत नव्हती, सगळेच उभे होते, हे मात्र मी कधी सांगितलं नाही.

यापुढचं तर कुणालाच सांगितलेलं नाही.

१९७६ला पावसाळा संपता संपता शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट आलं. बैठकीत साहेबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. केस आणा, पगार घ्या. माझ्या नावावर दोन होत्या. एक कशीबशी झाली, दुसरी मिळेना. दोन महिने पगार अडला. वडील नव्हते, धाकटा भाऊ पुण्यात शिकत होता, खाणावळीचे पैसे थकले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. किंवा सांगते, सबब म्हणूनच सांगते. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? नाही म्हणाला असतात तर अभिनंदन.

त्याचं नाव लिहीत नाही. रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला जायचा. थोरली मुलगी माझ्याच वर्गात, तिसरीत, धाकटी अजून बोबडं बोलणारी. मुलगा नव्हता. संध्याकाळी मी त्याच्या दारात गेले, त्याच्या बायकोनं घोंगडं अंथरलं, गुळाचा चहा केला. मी सांगितलं, सरकार पैसे देतंय, काही दुखत नाही, दोन-चार दिवस आराम करायचा. यापुढे मूल होणार नाही हे सांगितलं का? सांगितलं. पण "कायमचं" हा शब्द मी वापरला नाही. तो जिभेवर आला होता, एवढं नक्की आठवतं. बायको चुलीकडे तोंड करून बसलेली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बाई, तुमी सांगताय म्हंजी बरंच आसंल."

शिबिर आमच्याच शाळेत होतं. चौथीच्या वर्गातले बाक बाहेर काढून आत टेबल लावलं होतं, खिडक्यांना चादरी. फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित तसंच होतं. मी व्हरांड्यात उभी होते. रजिस्टरमध्ये केस कोणी आणली त्या रकान्यात कारकुनानं माझं नाव लिहिलं आणि मान वर न करता म्हणाला, "झालं बाई तुमचं." पुढच्या आठवड्यात पगार झाला. पहिली मनीऑर्डर भावाला केली. दिवाळीनंतर ती तिसरीतली मुलगी शाळेत यायची बंद झाली. का, ते मी विचारायला गेले नाही. कदाचित धाकटीला सांभाळायला घरी ठेवली असेल. तेव्हा कितीतरी मुलींचं तसंच व्हायचं.

पोलिसांनी कुणाला ओढून नेलं नाही, ट्रकमध्ये कोंबलं नाही. उत्तरेत तसं झाल्याचं नंतर वाचलं. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळानं तर सक्तीचा कायदाही मंजूर केला होता, तो राष्ट्रपतींच्या सहीअभावी राहिला. आमच्या गावात सक्तीची गरजच पडली नाही. गावाचा शिक्षकांवर विश्वास होता.

मार्च १९७७मध्ये इंदिराबाई हरल्याचं रेडिओवर ऐकून मी शेजारणीला पेढा दिला आणि म्हटलं, "सुटलो बाई!" तेव्हाच्या त्या मुलीचा, म्हणजे माझाच, मला आज राग येतो. सुटलीस कशातून? मत तर तू यशवंतरावांना दिलं होतंस, आणि साताऱ्यात तेच निवडून आले. आणीबाणीत तुला बरं वाटत होतं. दुष्काळातली ती लाल मिलो ज्वारी, ७४चा रेल्वे संप, तेलासाठीच्या रांगा हे सगळं मागे पडलं होतं. साहेब वेळेवर येत होते, एसटी वेळेवर येत होती. विनोबा त्याला अनुशासनपर्व म्हणतात असं छापून आलं, तेव्हा तू मान डोलावली होतीस. आत कोण आहे, येरवड्याच्या तुरुंगात काय चाललंय, याची तुला झळ नव्हती. तर ती मुलगी म्हणते, आता चार भिंतींत पेन्शन खात बसून मला शहाणपण शिकवू नका.

तिचंही बरोबर आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला मी गुळमुळीत उत्तर देते. वाईट चाललंय हे मला तेव्हा कळलं नव्हतं, मग आता कळतंय यावर मी कशी विसंबू? आज माझी औषधं वेळेवर येतात, नातू चांगल्या नोकरीत आहे. एका कार्यक्रमात मी म्हटलं होतं, तेव्हा वर्तमानपत्रं अग्रलेखाची जागा कोरी सोडायची, आता कोरी जागाच कुठे उरलीय. टाळ्या पडल्या. घरी येताना रिक्षात वाटलं, हे वाक्य मी टाळ्यांसाठीच घडवलं होतं. खोटं नाही ते. पण खटल्याविना वर्षानुवर्षं आत असलेल्यांबद्दल मी ते वाक्य सोडून दुसरं काय केलं? काही नाही.

तो मला पुन्हा एकदा भेटला, वीसेक वर्षांनी, सातारा स्टँडवर. केस पिकलेले, बरोबर गावातली दोघं. मला बघून हसला आणि त्यांना म्हणाला, "ह्या आमच्या बाई. माझी केस ह्यांनीच केली." सगळे हसले. मीही हसले. त्यानं चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. एसटी लागली तेव्हा धावत जाऊन खिडकीतून टॉवेल टाकून माझ्यासाठी जागा धरली. त्या हसण्यात काय होतं, मी अजून उलटसुलट करून बघते.

२०२४ला सरकारनं २५ जून हा संविधान हत्या दिवस म्हणून जाहीर केला. आणीबाणीत मिसा कायद्याखाली खटल्याविना आत गेलेल्यांचं मानधन एका सरकारनं सुरू केलं, दुसऱ्यानं बंद केलं, तिसऱ्यानं पुन्हा सुरू केलं. त्यांना मिळावं, त्यांनी सोसलंय. यंदा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं मला त्या दिवशी बोलायला सांगितलंय. सेक्रेटरी काल घरी येऊन गेले. मी म्हटलं, या वेळी जरा वेगळं सांगावं म्हणते. ते म्हणाले, "बाई, पंधराच मिनिटं आहेत. कऱ्हाडचं घ्या, लोकांना ते आवडतं."

बघते, म्हटलं.