पैठणीचे फोटो आणि राइट-क्लिक: माझा अनुभव

काम होतं येवल्याच्या पैठण्या विकणाऱ्या एका दुकानाच्या वेबसाइटचं. वर्डप्रेस या साइट चालवायच्या तयार प्रणालीवरची साइट, साधारण चारशे फोटो, आणि मागणी एका ओळीची: "राइट-क्लिक बंद करून द्या, लोक फोटो उचलतात."

ते करायला पाच मिनिटं लागतात. पण फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं की मेनू तरीही उघडतो. एफ-बारा दाबून उघडणाऱ्या तपासणीच्या खिडकीत, नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं की प्रत्येक फोटोचा पत्ता मिळतो. स्क्रीनशॉट तर कुणीही काढतं. फोटो दाखवायचा म्हणजे ब्राउझरला त्याची फाइल द्यावीच लागते, घोडं तिथेच अडतं. शिवाय घेणारं गिऱ्हाईक राइट-क्लिक करून चार साड्या चार टॅबमध्ये उघडतं आणि शेजारी शेजारी ठेवून रंग बघतं. मेनू बंद केला की त्रास त्यालाच. म्हणून राइट-क्लिक चालू ठेवलं. आयफोनवर फोटो दाबून धरल्यावर येणारा 'सेव्ह'चा पर्याय मात्र सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणारी भाषा) एका ओळीने बंद केला; सहज जाता-येता होणारी उचल त्याने कमी होते, एवढाच त्याचा उपयोग.

मग सर्व्हरवर (साइटच्या फाइली ठेवलेल्या संगणकावर) काय पडलंय ते पाहिलं, आणि खरी गळती तिथे निघाली. फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच, ६००० बाय ४००० पिक्सेलचे, चढवलेले होते. वर्डप्रेस ५.३ पासून (२०१९) २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान होतो आणि त्या प्रतीच्या नावाला शेवटी 'स्केल्ड' लागतं. पण मूळ फाइल तिथेच, त्याच फोल्डरमध्ये राहते. पत्त्यातून 'डॅश-स्केल्ड' एवढंच खोडलं की अख्खा २४ मेगापिक्सेलचा फोटो समोर! त्यात अपलोड फोल्डरची यादीही उघडी होती. महिन्याचं फोल्डर उघडलं की सगळी नावं ओळीने दिसत. पुढच्या दाराला कुलूप मागायचं आणि मागचं दार सताड उघडं, असा प्रकार.

आधी फोल्डरची यादी बंद केली (अपाचे या सर्व्हरच्या प्रणालीवर 'ऑप्शन्स' या सूचनेत उणे चिन्ह लावून 'इंडेक्सेस'). मग सगळे फोटो लांब बाजू १२०० पिक्सेल करून नव्याने चढवले. १२०० पिक्सेल छपाईत ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) चार इंच भरतात. मोबाइलवर छान दिसतं, फ्लेक्सवर किंवा कॅटलॉगच्या पानभर चित्राला पुरत नाही. फाइलची नावंही बदलली, कारण जुन्या नावांच्या मोठ्या प्रती सीडीएनच्या, म्हणजे फाइली ठिकठिकाणांहून लवकर पुरवणाऱ्या सेवेच्या, कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) शिल्लक होत्या. सर्व्हरवरून पुसून झाल्यावर दुसऱ्या दिवशीही त्या उघडत होत्या. कॅश रिकामी केली तेव्हाच गेल्या. बॅकअप प्लगिनने साइटच्याच फोल्डरात ठेवलेली झिपही हलवावी लागली, कारण मोठे फोटो तिच्यातही असतात. ही जागा बहुतेक जण विसरतात.

पण पैठणी १२०० पिक्सेलमध्ये विकायची कशी? घेणाऱ्याला पदराची उलटी बाजू बघायची असते. हातमागाची असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, यंत्रावरच्या नकलेत मागे दोरे लोंबतात. तेव्हा झूमला कात्री लावून चालणार नव्हतं. तोडगा असा: अख्खी साडी लहान, आणि पूर्ण बारकाईचे तुकडे वेगळे. पदरावरचा एक मोर, काठाचा वीतभर भाग, उलट बाजूचा एक चौकोन. विणकाम दोऱ्यादोऱ्याने दिसतं, पण त्या तुकड्यांवरून दुसऱ्याला आपल्या दुकानात साडी मांडता येत नाही.

वॉटरमार्क कोपऱ्यात टाकू नका, कातरायला दोन सेकंद लागतात. आम्ही तो पदर आणि अंगाच्या सांध्यावर घेतला, अपारदर्शकता २५ ते ३० टक्के, पांढरी अक्षरं आणि त्यांना बारीक गडद कड, म्हणजे काळ्या चंद्रकळेवरही दिसतो आणि मोतिया रंगावरही. प्रत्येक फोटोत अक्षरांचा आकार थोडा वाकवला, नुसती जागा बदलून भागत नाही. त्यामागे कारण आहे: एकच खूण शेकडो फोटोंवर तंतोतंत तशीच असेल तर संगणक ती ओळखून आपोआप पुसू शकतो, हे गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. आता एआयची साधनं सुटी खूणही पुसतात, त्यामुळे याच्यावर फार भिस्त ठेवू नये. तुकड्यांवर खूण टाकलीच नाही. तिथे गिऱ्हाइकाला दोरा बघायचाय, आपलं नाव नाही.

दुसऱ्या साइटने आपल्याच सर्व्हरवरून चित्र ओढणं, म्हणजे हॉटलिंकिंग, थांबवायला रेफरर, म्हणजे चित्र कोणत्या पानावरून मागितलं तो पत्ता, तपासतात. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर-प्रणालीत 'व्हॅलिड रेफरर्स', अपाचेत रीराइटचा नियम, क्लाउडफ्लेअर या सीडीएनवर एक बटण. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, रिकामा रेफरर अडवणं: मग लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की साडीच्या चित्राची जागा कोरी येते. रिकाम्याला परवानगी द्यावीच लागते. दुसरी, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याशिवायचा, असे आपलेच दोन पत्ते यादीत न घालणं. चोर हुशार असेल तर तो आपल्या पानावर रेफरर पाठवणंच बंद करतो आणि रिकाम्याच्या वाटेने आत येतो. त्याला उपाय 'क्रॉस-ओरिजिन-रिसोर्स-पॉलिसी' हे हेडर (फाइलीसोबत सर्व्हरने पाठवलेली सूचना), त्याचं मूल्य 'सेम-साइट'. मग ब्राउझरच परक्या पानावर चित्र दाखवायला नकार देतो. पण त्यामुळे परक्या पानांवरची आपल्याला हवी असलेली चित्रंही अडतात. म्हणून ते फक्त तुकड्यांच्या फोल्डरला लावलं.

मेटाडेटाचं, म्हणजे फोटोच्या फाइलीत दडलेल्या माहितीचं, काम कंटाळवाणं, पण करावंच. एक्झिफटूल या प्रोग्रॅमने आयपीटीसी या माहितीच्या ठरावीक रकान्यांत निर्माता, कॉपीराइटची ओळ आणि हक्कांच्या पानाचा पत्ता भरला. त्या पत्त्यावरून गूगल इमेजेसमध्ये 'लायसन्सेबल' असा शिक्का येऊ शकतो. ही सोय २०२० पासून आहे. जीपीएस मात्र पुसलं. काही फोटो विणकराच्या घरी, मागावरच काढलेले होते आणि त्याचा अचूक पत्ता फाइलीत बसलेला होता. एक मेख इथेही आहे: फोटो लहान करायला सर्व्हरवर वर्डप्रेस इमॅजिक हे साधन वापरत असेल तर लहान केलेल्या प्रतींत ही माहिती टिकते, जीडी हे दुसरं साधन असेल तर उडते. साइटवरचाच लहान फोटो उतरवून तपासा, आपल्या संगणकावरची फाइल तपासून काही कळत नाही.

मग राहतं ते उचललेले फोटो शोधणं. गूगल लेन्सवर अख्ख्या फोटोऐवजी कातरलेला पदर दिला की जास्त सापडतं.

नोटीस पाठवण्यापूर्वी फोटो आपला आहे का, हे बघावं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, उलट करार नसेल तर. इथे तीसेक फोटो व्यापाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले निघाले. ते सरळ काढून टाकले. मोराच्या पारंपरिक नक्षीवरही फोटोच्या कॉपीराइटने हक्क येत नाही. समोरच्याने स्वतःच्या साडीचा स्वतः फोटो काढला तर बोलायला जागा नाही. परवानगीशिवाय फोटो ठेवणाऱ्या मंचाला कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार गेली की ३६ तासांत त्याने तो झाकणं अपेक्षित आहे. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दिला नाही, तर मंच तो पुन्हा खुला करू शकतो. साइट अमेरिकेत होस्ट असेल तर होस्टकडे (साइटला जागा देणाऱ्या कंपनीकडे) डीएमसीए या तिथल्या कॉपीराइट कायद्याची नोटीस. गूगलचा फॉर्म भरल्याने फोटो शोधातून जातो, त्या साइटवरून नाही. दोन्हीकडे कळवावं लागतं. तक्रारीत आपल्या आणि उचललेल्या फोटोचे दोन्ही पत्ते, तारखेसह स्क्रीनशॉट आणि कॅमेऱ्यातली मूळ फाइल आपल्याकडे आहे हे लिहावं.

सगळं जागेवर बसल्यावर एक मोठा, बिनखुणेचा फोटो पुन्हा एका अनोळखी पानावर सापडला. साइटवर तो नव्हताच. काउंटरवरच्या मुलाने गिऱ्हाइकाला 'क्लिअर पाठवतो' म्हणत व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवली होती. आता दुकानातल्या मोबाइलमध्ये १२०० पिक्सेलचेच फोटो आहेत.