रुळांमधली रोपे

आज बर्लिनमधल्या झ्यूडगेलेंडेमध्ये, म्हणजे जुन्या रेल्वे यार्डात झालेल्या निसर्गोद्यानात, रुळांच्या मधून उगवलेली रोबिनियाची कोवळी झाडे बुंध्याशी छाटून ढिगाने रचलेली दिसली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. फोनवर आईला सांगितले, तर ती म्हणाली, "अगं, छाटणी करावीच लागते." बागेत लागत असेल, पण ही काही कोणी लावलेली बाग नव्हे.

मालगाड्यांच्या या यार्डातली वाहतूक १९५२ मध्ये, बर्लिनच्या फाळणीपायी थांबली. पुढे कित्येक दशके तिथे कोणी बी पेरले नाही की पाणी घातले नाही, तरीही खडी-वाळूच्या निकस जमिनीवर रान उभे राहिले. नव्या यार्डाचा बेत नागरिकांनी हाणून पाडला, म्हणून २००० साली ही सुमारे १८ हेक्टर जागा सर्वांसाठी खुली झाली. आपणहून आलेल्यांना इथे कोणी उठवत नाही, या एका समजुतीवर मी आजवर इथे येत राहिले.

रोबिनिया मूळची उत्तर अमेरिकेतली, सतराव्या शतकात युरोपात आलेली. एवढ्या काळानंतरही ती परकीच ठरत असेल, तर गेल्या महिन्यात एका कचेरीच्या खिडकीवर मला परकी म्हणून जे ऐकावे लागले त्याचे वाईट तरी कशाला वाटून घ्यायचे? पण वाटते, आणि आज तो ढीग पाहून पुन्हा वाटले.

रात्री फोटो मोठा करून पाहिला, तर ढिगात भूर्जाची रोपेही होती आणि भूर्ज तर इथलाच. मग जरा शांतपणे विचार करता आला. सगळेच वाढू दिले तर या जागेचे दाट रान होईल आणि उघड्या, कोरड्या गवताळ पट्ट्यांवर जगणाऱ्या रानमधमाश्या व नाकतोडे यांना ऊन उरणार नाही. त्यात रोबिनियाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत साठवतात. माती सकस होते आणि निकस मातीतच तग धरणारी रोपे हटतात. रेल्वे चालू असताना ही जमीन गाड्यांच्या आणि माणसांच्या वर्दळीने मोकळी राहत असे; आता ते काम कोयत्याकडे आले आहे. काही भाग मात्र उद्यानवाल्यांनी झाडांवरच सोडला आहे, तिथे छाटणी नाही.

हे सगळे पटते. तरी उद्या कोणी विचारले, तर मी रोबिनियाचीच बाजू घेईन. तोडली तरी ती मुळांतून पुन्हा फुटते, पुढच्या वर्षी हे लोक पुन्हा कोयते घेऊन येतील, आणि या जागेला दोघांचीही गरज आहे असे आज मला वाटते.