थिजलेलं खोबरेल

डिसेंबर लागला की पुण्यात खोबरेल तेलाची बाटली संपावर जाते. उलटी करा, दाबा, तळहातावर आपटा, थेंब पडत नाही. मग कोणी ती गॅलरीत उन्हाला ठेवतं, कोणी अंघोळीच्या बादलीत बुडवतं, आणि ज्याला आठची बस गाठायची आहे तो सरळ उदबत्तीची काडी घालून उकरतो. कोकणातली मावशी मात्र याच दिवसांत बाटलीतून तेल ओतत असते. तिच्याकडे समुद्रामुळे रात्रीही तितकीशी थंडी पडत नाही.

सगळा खेळ २४-२५ अंशांचा. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. मेद ज्यांनी बनतो त्या मेदाम्लांपैकी हे एक. अशा संपृक्त मेदाम्लांच्या कार्बनच्या साखळ्या सरळसोट, त्यामुळे जरा गारवा आला की एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाणा तेलातल्या बहुतेक साखळ्यांना मध्येच बाक असतो, म्हणून शेजारच्या फळीवरचं ते तेल पुण्याच्या थंडीला दाद देत नाही. शाळेत स्थायू, द्रव, वायू अशा तीन रकान्यांत आपण पदार्थ भरत होतो. तेल द्रवाच्या रकान्यात लिहिलं की पैकीच्या पैकी गुण. कुठलं तेल आणि कुठल्या गावात, हे कुणी विचारलं नाही!

थिजतं तेच खोबरेल अस्सल, असं घरोघरी सांगतात. ते अर्धंच खरं. पामच्या बियांच्या गराचं तेलही साधारण याच तापमानाला थिजतं.

उन्हात ठेवलेली बाटली पटकन वितळत नाही म्हणून वैताग येतो. पण ते ऊन साखळ्या सुट्या करण्यात खर्च होत असतं. बर्फाचं तर याहून कडक. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, आणि तोवर तापमापी शून्यावरून हलत नाही. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६०च्या सुमारास ही लपलेली उष्णता मोजली. खोबरेल मात्र अनेक मेदांचं मिश्रण, त्यामुळे एका ठरावीक अंशावर वितळत नाही. आधी मऊ पडतं, मग कडेने सुटतं, मधला पांढरा गोळा बराच वेळ तग धरतो.

देवघरातला कापूर वितळण्याच्या भानगडीतच पडत नाही. डबी उघडी राहिली की वड्या झिजून जातात, तळाशी ओल नाही की डाग नाही. त्यावर उपाय म्हणून डबीत मिरे टाकतात. आमच्याकडेही टाकतात. माझा भरवसा मात्र झाकणाच्या आट्यांवर.