गुडघा बरा झाला, झेंडा मात्र वर जातच राहिला

दुखापतीनंतर मैदानात परतलो तेव्हा पहिल्या पाच सामन्यांत माझ्या नावावर एकही गोल नव्हता. ऑफसाइड, म्हणजे सहकारी पास देतो त्या क्षणी बचाव फळीच्या पुढे सापडणं, मात्र अकरा वेळा. बारा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळतोय, पहिल्या दिवसापासून स्ट्रायकर म्हणूनच, पण लाइन्समनचा झेंडा माझ्यासाठी इतक्या वेळा कधीच वर गेला नव्हता. लोकांना वाटलं सवय मोडली असेल. मलाही तसंच वाटलं. खरं कारण सापडायला दीड महिना गेला आणि ते होतं माझ्या डाव्या पायात.

गुडघा गेला तो कुणाचा धक्का लागून नाही. एसीएल या गुडघ्यातल्या लिगामेंटच्या बहुतेक दुखापती अशाच होतात, हे मला नंतर कळलं. विंगरने चेंडू आत टाकला, मी धावता धावता दिशा बदलायला डावा पाय रोवला, बुटाचे स्टड गवतात रुतले. पाऊल तिथंच राहिलं आणि अंग वळलं. आत ‘टक्’ असा आवाज झाला. तो शेजारच्या सेंटर बॅकलाही ऐकू गेला असावा, कारण त्याने चेंडू सोडून आधी माझ्याकडे पाहिलं. विचित्र गोष्ट म्हणजे पाच मिनिटांत दुखणं जवळजवळ थांबलं. मी उठलो, चार पावलं चाललो आणि डॉक्टरांना म्हणालो, “खेळतो मी.” पाचव्या पावलाला गुडघा आतल्या आत सरकला, जणू वरच्या हाडाची आणि खालच्या हाडाची ओळखच नव्हती. रात्रीपर्यंत इतकी सूज आली की वाटी दिसेनाशी झाली.

हे लिगामेंट मांडीच्या हाडाला नडगीशी बांधून ठेवतं. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि गुडघा नको तसा पिळू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. सरळ चालायला ते नसलं तरी अनेकांचं भागतं. पण माझा धंदाच पिळण्याचा, थांबण्याचा आणि वळण्याचा. सर्जनने वाटीखालच्या टेंडनची मधली पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट काढली आणि तिचं नवं लिगामेंट करून आत बसवलं. एका ठिकाणचं काढून दुसऱ्या ठिकाणी लावलं की पहिलं ठिकाणही रुसतं. आजही मला गुडघ्यावर टेकून बसता येत नाही. गोल झाल्यावर गवतावर गुडघ्यांवर घसरत जायचं, ते कायमचं बंद.

ऑपरेशननंतरचा पहिला आठवडा ज्याने काढला नाही त्याला सांगून पटणार नाही, पण सगळ्यात अवघड व्यायाम होता पडून राहून मांडी आवळणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, पाय सरळ आणि फिजिओ मॅडम म्हणायच्या, “आवळ.” मी आवळायचो. मांडी तशीच पडून. मी सगळी ताकद लावून आतून हुकूम सोडतोय, आणि मांडीचा स्नायू ढिम्म. गुडघ्यात सूज असली की मेंदू त्या स्नायूचा दिवाच मालवतो, असं त्या म्हणाल्या. मग मांडीला विजेच्या पट्ट्या लावून तो जागा केला. नवव्या दिवशी वाटी एखाद-दोन मिलिमीटर वर सरकली. एका मोसमात बावीस गोल मारलेत मी, पण त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं की वाटी हलली.

त्यानंतरचे चार महिने फारसे सांगण्यासारखे नाहीत. सायकल, पायऱ्या, वजनं, पुन्हा सायकल. मांडीला टेप लावून मोजायचो: डावी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने बारीक, मग तीन, मग बराच काळ तीनच. फसवा काळ हाच. चौथ्या महिन्यात गुडघा अगदी छान वाटायला लागतो, आणि नेमकं त्या सुमारास आत बसवलेलं लिगामेंट कच्चं असतं, कारण शरीर त्यात नव्याने रक्तवाहिन्या घालून त्याची पुन्हा बांधणी करत असतं. मी सहाव्या महिन्यातच संघाबरोबर सराव मागत होतो. मॅडमनी 2016 साली प्रसिद्ध झालेला नॉर्वेतला एक अभ्यास समोर टाकला: नऊ महिन्यांपर्यंत परतणं जेवढे महिने पुढे ढकलाल, तेवढ्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने घटतं. “तुला घाई असेल,” त्या म्हणाल्या, “पण गुडघ्याला नाही ना!” मी गप्प बसलो.

घाईचं कारण सांगायला लाज वाटते. माझ्या जागी एकोणीस वर्षांचा पोरगा खेळत होता, आणि चांगला खेळत होता. स्टँडमध्ये बसून मी टाळ्या वाजवायचो, कॅमेरा माझ्यावर असेल या हिशेबाने. त्याचा फटका बारवरून गेला की पोटात कुठेतरी बरं वाटायचं. त्यात माझ्या कराराचं शेवटचं वर्ष चालू होतं. क्लबने वर्षभराची मुदतवाढ दिली ती मूळ पगार कमी करून, बाकी पैसे खेळलेल्या सामन्यांवर आणि गोलांवर. एजंट म्हणाला, सही कर, जखमी स्ट्रायकरला याहून चांगलं कुणी देत नाही. केली.

त्या दिवसांत सगळे जण मला रोनाल्डोचं उदाहरण द्यायचे, ब्राझीलच्या. एप्रिल 2000 मध्ये रोममध्ये तो दुखापतीतून परतला, बदली खेळाडू म्हणून उतरून जेमतेम सात मिनिटं झाली असतील नसतील, आणि गुडघ्याचा टेंडन फाटला. 2002 च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, त्यातले दोन अंतिम सामन्यात. ऐकायला छान, पण रोनाल्डोचं उदाहरण माझ्यासारख्या स्ट्रायकरला देऊ नये. मला अ‍ॅलन शिअरर, इंग्लंडचा स्ट्रायकर, जवळचा वाटायचा. 1992 च्या डिसेंबरमध्ये त्याचंही हेच लिगामेंट गेलं, उरलेला मोसम तो बाहेर होता आणि पुढच्या मोसमात परत येऊन लीगमध्ये 31 गोल. मी तो आकडा लॉकरच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला होता. नंतर खोडला.

नऊ महिने आणि दहा दिवसांनी सगळ्या चाचण्या झाल्या. एका पायावर लांब उडी, तीन सलग उड्या, मशीनवर मांडीची ताकद. डावा पाय उजव्याच्या निदान नव्वद टक्के हवा. माझा चौऱ्याण्णव आला. जीपीएसच्या बनियनमध्ये धावण्याचा सर्वोच्च वेगही जुनाच दिसला. कागदावर मी पूर्ण बरा होतो.

आणि मग ते अकरा ऑफसाइड.

बचाव फळीच्या मागे धावणारा स्ट्रायकर वेगावर जगत नाही, वेळेवर जगतो. नियम पाहतो तो एकच क्षण, सहकाऱ्याचा पाय चेंडूला लागतो तो. त्या क्षणी तुम्ही चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे नसलात की झालं. बरोबरीत असाल तरी चालतं, 1990 पासून. फिलिप्पो इन्झागी हा इटलीचा स्ट्रायकर आयुष्यभर त्याच रेषेवर उभा राहिला. त्याच्याकडे ना ड्रिबलिंग ना फटक्यात आग. सारखा ऑफसाइड सापडायचा, आणि 2007 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल त्याचेच. मी त्याच्या जातीचा. माझ्याकडे दुसरं काही नाहीच. पास देणारा मान वर करतो, चेंडू पायापासून थोडा पुढे ढकलतो, टेकायचा पाय टाकतो, तेव्हा मी निघतो. आधी नाही.

कोच म्हणाले, उतावळा झालायस, थोडा थांब. थांबलो, तर चेंडूपर्यंत पोहोचेना. पुन्हा लवकर निघालो, पुन्हा झेंडा. आमच्या लीगमध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा पंच, नाही, त्यामुळे दोन वेळा मी लाइन्समनवर चिडून पिवळं कार्डही घेतलं. रात्री व्हिडिओ पाहिला तर दोन्ही वेळा तोच बरोबर.

शेवटी क्लबच्या व्हिडिओ विश्लेषकाने मला खोलीत बसवलं. हा मुलगा फार बोलत नाही. त्याने पडद्यावर दोन तुकडे शेजारी शेजारी लावले, दुखापतीआधीची एक धाव आणि आत्ताची एक. आवाज बंद. एकेक फ्रेम पुढे.

“पाय बघा,” तो म्हणाला, “चेंडू नका बघू.”

आधीच्या तुकड्यात मी डाव्या पायावर भार घेऊन उभा आहे, पास देणाऱ्याचा टेकायचा पाय जमिनीला लागतो आणि मी डाव्या पायाने जमीन मागे ढकलून सुटतो. आत्ताच्या तुकड्यात भार डाव्या पायावरच आहे, पण सुटण्याआधी मी एक छोटंसं अर्धं पाऊल टाकतो, भार उजव्यावर घेतो आणि मग उजव्या पायाने ढकलतो. ते अर्धं पाऊल तीन-चार फ्रेमचं होतं. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे सेकंदाचा साधारण सातवा भाग. तेवढ्या वेळाची भरपाई म्हणून मी तेवढाच लवकर निघत होतो. आणि तेवढ्या वेळात बचाव फळी पुढे सरकली की मी मीटरभर उघडा.

मी ते वीसेक वेळा पाहिलं. मला त्या पावलाचा पत्ताच नव्हता. कुणी शपथेवर विचारलं असतं, गुडघ्याची भीती वाटते का, तर मी नाही म्हणालो असतो, आणि खोटं बोललो नसतो. डोक्यात भीती नव्हतीच. चाचण्यांतही ती सापडली नाही, कारण चाचणीत कधी उडी मारायची हे मीच ठरवतो. सामन्यात ते दुसरा कुणीतरी ठरवतो आणि विचार करायला वेळ नसतो. तिथे पायाने परस्पर आपला निर्णय घेतला होता.

मॅडमना तो व्हिडिओ दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे माझ्याकडून सुटलं.” इतक्या सरळ शब्दांत चूक कबूल करणारं माणूस या धंद्यात मला कमीच भेटलंय.

पुढचे पाच आठवडे सरावानंतर अर्धा तास हेच. मी डाव्या पायावर उभा. समोर सहायक कोचच्या दोन्ही हातांत रंगीत कोन. लाल वर गेला तर सुटायचं, पिवळा वर गेला तर हलायचंसुद्धा नाही. उजव्या पायाच्या मागे मॅडमनी जमिनीवर एक चपटी पट्टी ठेवलेली. अर्धं पाऊल टाकलं की ती पायाखाली यायची. पहिल्या दिवशी तीसपैकी सव्वीस वेळा आली. चीड यायची, कारण सुटताना मला पाऊल जाणवायचंच नाही, फक्त पट्टी जाणवायची. तिसऱ्या आठवड्यात कोनांच्या जागी खरा पास आणि शेजारी खरा डिफेंडर आला, तसा आकडा पुन्हा वीसवर गेला. मग हळूहळू आठ, पाच. शून्य कधीच झाला नाही.

त्या काळात कोचनी मला दोन सामने बेंचवर ठेवलं. एकोणीस वर्षांच्या पोराने त्यातल्या एकात गोल मारला आणि धावत येऊन पहिली मिठी मला मारली. पोटात काय झालं ते विचारू नका.

तिसऱ्या सामन्यात मी सत्तराव्या मिनिटाला उतरलो. दहा मिनिटांनी आमच्या मिडफिल्डरने मान वर केली, चेंडू अर्ध्या यार्डाने पुढे ढकलला. सेंटर बॅकची पाठ माझ्याकडे. मी थांबलो, आणि मग डाव्या पायाखालचं गवत मागे गेलेलं मला स्पष्ट जाणवलं. पास बचाव फळीच्या मधून आला, मी त्यावर एकटा, समोर गोलकीपर. धावता धावता नजर डावीकडे गेली, जाऊ नये तरी गेली. झेंडा खाली. तेवढ्या नजरेत फटका अर्धा क्षण उशिरा बसला आणि गोलकीपरने पाय लांबवून तो बाहेर काढला.

स्टँडमधून लोक ओरडले. मिडफिल्डरने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. कॉर्नर मिळाला होता, मी बॉक्सकडे चालत निघालो. कॉर्नरला ऑफसाइड नसतो.